दुपारचं ऊन, संध्याकाळची वीज आणि मधे अडकलेली बॉयलरची नळी

मे महिन्यातली दुपार. एक वाजलाय. देशभरातले सोलर पॅनेल पूर्ण जोरात आहेत आणि ग्रिडमध्ये वीज भरपूर आहे. अशा वेळी कोळशावर चालणाऱ्या प्लांटला निरोप येतो, ‘लोड कमी करा.’ मग सात वाजतात. सूर्य मावळलेला, घराघरात एसी, पंखे, टीव्ही चालू. त्याच प्लांटला दुसरा निरोप येतो, ‘आता लोड वाढवा, लवकर.’

आपल्याला हे सगळं एका अ‍ॅपमधल्या स्लायडरसारखं वाटतं. बोट खाली सरकवलं, वर सरकवलं, झालं. पण त्या स्लायडरच्या मागे पोलादाची एक नळी आहे. साधारण दोन इंच जाड, बाहेरून आग, आतून वाफ. दिवसातून एकदा तिला थोडं थंड व्हायचंय, पुन्हा तापायचंय. आणि ती याची तक्रार लगेच करत नाही. काही वर्षांनी करते.

आज या नळीबद्दल बोलूया. ती कशी बनते, का थकते, कुठून येते, आणि रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाने तिची फिकीर का करावी.

थोडक्यात

- बॉयलरच्या सर्वांत गरम भागात अलॉय स्टीलच्या सीमलेस, म्हणजे बिनसांध्याच्या नळ्या लागतात.
- सोलर वाढल्यामुळे कोळशाच्या प्लांटना रोज वर-खाली व्हावं लागतंय. नळ्यांचं आयुष्य त्यामुळे कमी होतं.
- चीनहून येणाऱ्या सीमलेस नळ्यांवर अँटी-डम्पिंग ड्युटी आहे. २०२१ च्या आदेशानुसार तिची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण सर्वांत महत्त्वाच्या नळ्या मूळ आदेशातच वगळलेल्या होत्या.
- १ मे २०२५ पासून बॉयलरचा नवा कायदा लागू झालाय.

आपल्या जिल्ह्यात या नळ्या आहेत कुठे?

सर्वांत मोठं उदाहरण जयगड. तिथे जेएसडब्ल्यू एनर्जीचा १,२०० मेगावॅटचा प्लांट आहे, ३०० मेगावॅटची चार युनिट्स. २०१० आणि २०११ मध्ये ती एकेक करून सुरू झाली. कोळसा बाहेरच्या देशातून जहाजाने येतो आणि जवळच्या बंदरात उतरतो. यातली ३०० मेगावॅट वीज महावितरणसाठी करारबद्ध आहे. म्हणजे आपल्या बिलाशी थेट संबंध.

दुसरं गुहागर तालुक्यातलं अंजनवेल. एन्रॉनच्या काळात ज्याला सगळे ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणायचे, तोच आता रत्नागिरी गॅस अँड पॉवर. क्षमता १,९६७ मेगावॅट. तिथे कोळसा जळत नाही, गॅस टर्बाइन आहेत. पण टर्बाइनमधून बाहेर पडणारी गरम हवा वाया जाऊ नये म्हणून पुढे एक बॉयलर असतो, आणि त्यातही नळ्याच असतात.

आणि मग छोटे. लोटे-परशुरामच्या केमिकल कारखान्यांतले हीट एक्स्चेंजर, आंब्याचा पल्प डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतले, काजू वाफवणाऱ्या युनिटमधले छोटे बॉयलर. तिथलं प्रेशर आणि तापमान कमी, त्यामुळे साध्या कार्बन स्टीलच्या नळ्यांवर भागतं. तत्त्व मात्र तेच: एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला थंड, मधे धातूची भिंत. तुमच्या एसीच्या आउटडोअर युनिटमधली तांब्याची कॉइलसुद्धा हीट एक्स्चेंजरच आहे. फक्त तिला सहाशे अंशांच्या आसपास जगायचं नसतं.

कुकरची शिट्टी गुणिले १७०

घरच्या कुकरमध्ये हवेपेक्षा साधारण एक बार जास्त प्रेशर असतं. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार. ३०० मेगावॅटच्या युनिटमध्ये वाफ साधारण १७० बार प्रेशरला आणि ५४० अंश सेल्सिअसला टर्बाइनकडे जाते. ज्या नळ्यांतून ती जाते, त्यांच्या बाहेर वाहणारा धुराचा वायू यापेक्षा कितीतरी गरम असतो. भट्टीच्या वरच्या भागात तो हजार अंशांच्या पुढे जातो.

एका बॉयलरमधल्या सगळ्या नळ्या जोडून सरळ ठेवल्या तर लांबी शेकडो किलोमीटर भरते. त्यात हजारो वेल्ड. आणि यातली एक नळी एका जागी फुटली तरी पूर्ण युनिट बंद करावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतो, तसे इथे हजारो पॉइंट आहेत आणि बॅकअप एकाचाही नाही.

सीमलेस म्हणजे नेमकं काय?

साधा पाइप बनवायचा तर पत्रा गोल वळवायचा आणि कडा वेल्ड करायच्या. घरातल्या पाण्यासाठी ते ठीक. पण कडांचा तो सांधा हा पूर्ण लांबीभर असलेला एक संशयित असतो. तिथली धातूची रचना बाकी नळीपेक्षा वेगळी, आणि वेल्डमध्ये एखादी बारीक पोकळी राहिली तर ती दिसत नाही.

सीमलेस नळीला सांधाच नसतो. पोलादाचा भरीव गोल दांडा, म्हणजे बिलेट, साधारण १,२०० अंशांना लालभडक तापवतात. मग तो दोन तिरक्या रोलरच्या मधून फिरवत पुढे ढकलतात. रोलर त्याला दाबतात, फिरवतात, आणि या दाबामुळे दांड्याच्या बरोबर मधला धातू ताणला जाऊन उघडायला लागतो. नेमक्या त्या जागी समोर एक टोकदार लोखंडी गोळा धरलेला असतो. दांडा त्यावर चढत जातो आणि भरीव दांड्याची पोकळ नळी होते. जर्मनीतल्या राइनहार्ड आणि मॅक्स मानेसमान या भावांनी १८८० च्या दशकात ही युक्ती शोधली. आजही मूळ कल्पना तीच आहे.

त्यानंतर नळी लांब आणि पातळ करतात, हवा तो व्यास देतात. जास्त अचूक माप हवं असेल तर थंड अवस्थेत डायमधून ओढतात. मग हीट ट्रीटमेंट आणि शेवटी तपासणी: अल्ट्रासॉनिक, एडी करंट, पाण्याचं प्रेशर. प्रत्येक लॉटसोबत टेस्ट सर्टिफिकेट येतं. त्यावर कोणता हीट नंबर, किती क्रोमियम, किती मॉलिब्डेनम, ताकद किती, हे सगळं असतं. ही त्या नळीची जन्मपत्रिका.

अलॉय कशाला? साधं स्टील का नाही?

कारण आहे ‘क्रीप’ नावाची गोष्ट. स्टील थंड असताना ठराविक मर्यादेपर्यंत ताण दिला तर ते काही होऊ देत नाही. पण तापलेलं स्टील, त्या मर्यादेच्या खूप खालच्या ताणालाही, हळूहळू पसरत राहतं. वर्षात केसाएवढं. दहा वर्षांत दिसण्याएवढं. पुस्तकांच्या ओझ्याने प्लास्टिकचं शेल्फ हळूहळू वाकतं ना, तसं. एका दिवसात काही दिसत नाही. पण ओझं काढलं तरी वाक परत सरळ होत नाही.

पाचशे अंशांच्या पुढे साधं कार्बन स्टील या क्रीपपुढे टिकत नाही. म्हणून त्यात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळतात. अमेरिकन बॉयलर कोडमध्ये या नळ्यांचं एक पूर्ण स्पेसिफिकेशन आहे, एसए-२१३. जगभरातले बॉयलरवाले याच भाषेत बोलतात. त्यातली तीन नावं लक्षात ठेवा:

- टी-११: सव्वा टक्का क्रोमियम, अर्धा टक्का मॉलिब्डेनम. मध्यम गरम भागासाठी.
- टी-२२: सव्वादोन टक्के क्रोमियम, एक टक्का मॉलिब्डेनम. जुन्या प्लांटमधला भरवशाचा गडी.
- टी-९१: नऊ टक्के क्रोमियम, एक टक्का मॉलिब्डेनम, शिवाय किंचित व्हॅनेडियम आणि निओबियम. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात तयार झालं, १९८३ मध्ये कोडमध्ये आलं.

साधारण ५४० अंशांना टी-९१ वर टी-२२ च्या जवळपास दुप्पट ताण देता येतो. याचा फायदा फक्त ताकदीपुरता नाही. ताण जास्त सोसतं म्हणजे नळीची भिंत पातळ ठेवता येते. पातळ भिंत लवकर तापते, लवकर थंड होते, आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक कमी राहतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

पण टी-९१ नाजूक स्वभावाचं आहे. त्याची सगळी ताकद अचूक हीट ट्रीटमेंटमध्ये आहे. वेल्डिंगच्या आधी तापवायचं, नंतर ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायचं. यात घाई केली तर वेल्डच्या शेजारची पट्टी कमजोर राहते, आणि काही वर्षांनी बरोबर तिथेच तडा जातो.

आणखी एक गंमत, खरं तर धोका. टी-११, टी-२२ आणि साधी कार्बन स्टीलची नळी डोळ्याला जवळपास सारखीच दिसते. दुरुस्तीच्या घाईत चुकीची नळी बसली तर प्लांट सुरू होतो, सगळं ठीक वाटतं, आणि काही महिन्यांनी ती नळी जाते. म्हणून चांगल्या प्लांटमध्ये बसवण्याआधी प्रत्येक नळीवर एक्स-रे गन लावून धातू तपासतात. हातात धरायचं यंत्र, काही सेकंदांचं काम.

मग सोलरने काय बिघडवलं?

बिघडवलं असं नाही. नियम बदलला. कोळशाचे प्लांट बांधले तेव्हा गृहीत धरलं होतं की ते सतत, जवळपास पूर्ण लोडवर चालतील. नळीचं आयुष्य त्या हिशोबाने ठरवलेलं. कोडमधला परवानगीचा ताण एक लाख तासांच्या क्रीपवर बेतलेला असतो. म्हणजे सतत चालवलं तर साडेअकरा वर्षं. याचा अर्थ एक लाख तास झाले की नळी फुटते असा नाही, कारण वर सुरक्षेची जागा ठेवलेली असते. पण त्यानंतर ‘तपासत राहा’ हा टप्पा सुरू होतो. २०१०-११ मध्ये सुरू झालेलं देशातलं कुठलंही युनिट आता याच वयात आलेलं आहे किंवा येतंय.

दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये देशाची सोलर क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. ही चांगलीच बातमी आहे. पण सोलरला संध्याकाळ असते. म्हणून केंद्रीय वीज प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये कोळशाच्या प्लांटसाठी नियम काढले. वर्षभरात प्रत्येक युनिटने ५५ टक्के लोडपर्यंत खाली येऊन चालायला शिकायचं, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत. लोड किती वेगाने वाढवायचा तेही ठरलंय: ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात मिनिटाला ३ टक्के. ३०० मेगावॅटच्या युनिटसाठी मिनिटाला ९ मेगावॅट.

आता नळीच्या बाजूने विचार करा. जी.आय. तार हाताने तुटत नाही. पण तीच तार वीस वेळा इकडे-तिकडे वाकवली की तुटते. याला फटिग म्हणतात. रोज तापणं आणि थंड होणं म्हणजे रोज एकदा वाकवणं. नळ्या जिथे जाड हेडरला जोडलेल्या असतात, तिथे हा मार सर्वांत जास्त. नळी पातळ, हेडर जाड. दोघे वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि मधला वेल्ड ओढाताणीत सापडतो.

दुसरी गोष्ट आतून घडते. वाफ आणि स्टील यांच्यात वर्षानुवर्षं एक काळा थर जमतो, ऑक्साइडचा. हा थर उष्णता अडवतो, म्हणून नळीचा धातू मुळात ठरवल्यापेक्षा जास्त तापतो. क्रीपचा ठोकताळा असा की धातू सतत दहा-पंधरा अंश जास्त तापला तर उरलेलं आयुष्य जवळपास अर्धं होतं. रोज वर-खाली केल्यावर हा थर सुटून त्याच्या खपल्या पडतात. खपल्या नळीच्या खालच्या वळणात जाऊन साचतात, वाफेची वाट अडते, आणि थंड करणारी वाफच न मिळाल्याने नळी काही तासांत फुगून फुटते. फुटलेल्या भागाचा आकार कसा असतो माहितीये? उघड्या माशाच्या तोंडासारखा. इंजिनीअर त्याला तेच म्हणतात, ‘फिश माउथ’. मिरकरवाड्याला मासे बघितलेल्या कुणालाही ते लगेच ओळखू येईल.

तिसरी गोष्ट समुद्राकाठच्या प्लांटची. वाफेचं परत पाणी करणाऱ्या कंडेन्सरमध्ये नळ्यांच्या आत समुद्राचं पाणी असतं. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी मीठ बॉयलरच्या शुद्ध पाण्यात शिरतं, आणि मग भट्टीच्या भिंतीतल्या नळ्या आतून पोखरायला लागतात. म्हणून अशा ठिकाणी बऱ्याचदा टायटॅनियमच्या महाग नळ्या वापरतात आणि पाण्यातल्या मिठावर चोवीस तास नजर ठेवतात.

आणि बंद पडून राहिलेला बॉयलर सुरक्षित असतो असंही नाही. आत दमट हवा राहिली तर गंज चढतो. कोकणातल्या हवेत बाइकची चेन पावसाळ्यात काय होते ते आठवा. म्हणून बॉयलर जास्त दिवस बंद ठेवायचा असेल तर तो कोरडा करून किंवा नायट्रोजन भरून ठेवावा लागतो.

एक नळी फुटली की बिल कुणाचं?

हिशोब करून बघू. ३०० मेगावॅटचं युनिट पूर्ण लोडवर एका दिवसात ७२ लाख युनिट वीज बनवतं. नळी फुटली की बॉयलर थंड करायचा, आत शिरून जागा शोधायची, शेजारच्या नळ्यांना वाफेचा मार बसलाय का बघायचं, कापायचं, वेल्ड करायचं, तपासायचं, पुन्हा पेटवायचं. यात दोन-चार दिवस सहज जातात.

समजा तेवढी वीज बाजारातून प्रतियुनिट फक्त दोन रुपये जास्त देऊन घ्यावी लागली. एका दिवसाचे १ कोटी ४४ लाख. चार दिवसांचे पावणेसहा कोटी. आणि ही वेळ संध्याकाळच्या तुटवड्याची असेल तर फरक दोन रुपयांवर थांबत नाही. एक्स्चेंजवर प्रतियुनिट दहा रुपयांची कमाल मर्यादा आहे, आणि मागणी जास्त असते तेव्हा दर तिथपर्यंत जातात. यातला किती भार कंपनीवर आणि किती ग्राहकावर, ते करारावर ठरतं. पण महाग वीज शेवटी कुणाच्या तरी बिलात येतेच.

म्हणजे दुपारच्या स्वस्त सोलर विजेची एक छुपी किंमत आहे, आणि ती बॉयलरच्या नळ्यांच्या खात्यावर लिहिली जाते. याचा अर्थ सोलर नको असा अजिबात नाही. अर्थ एवढाच की लोड खाली-वर करायला सांगणाऱ्याने त्या झिजेचे पैसे कोण देणार हेही स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर देखभाल पुढे ढकलली जाते. कोडमधला ‘टेक्निकल डेट’ जसा साचतो, तसाच हाही. फरक इतकाच की इथे तो १७० बारला साचतो.

या नळ्या बनवतं कोण?

मुंबई-गोवा हायवेने गेलात तर नागोठण्याच्या पुढे सुकेळी खिंडीच्या भागात महाराष्ट्र सीमलेसचा कारखाना लागतो. आपल्यातल्या कित्येकांनी एसटीच्या खिडकीतून तो बघितलाय, आत काय बनतं ते माहीत नसताना. दुसरी कंपनी आयएसएमटी, कारखाने अहिल्यानगर आणि बारामतीला. ती २०२२ मध्ये किर्लोस्कर फेरसकडे गेली. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला भेलचा स्वतःचा सीमलेस ट्यूब प्लांट आहे. म्हणजे या धंद्यात महाराष्ट्र मागे नाही.

आता बातमीकडे येऊ. चीनमधून स्वस्तात येणाऱ्या सीमलेस नळ्यांवर भारताने २०१६ मध्ये तात्पुरती आणि २०१७ मध्ये पक्की अँटी-डम्पिंग ड्युटी लावली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती आणखी पाच वर्षांसाठी चालू ठेवली. म्हणजे ऑक्टोबर २०२६ हा पुढचा टप्पा.

पण मूळ आदेशातली बारीक अक्षरं वाचा. साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपासच्या व्यासापर्यंतच्या कार्बन आणि अलॉय स्टीलच्या नळ्या ड्युटीखाली होत्या. स्टेनलेस स्टील बाहेर. आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट बाहेर: एसए-२१३ आणि एसए-३३५ या स्पेसिफिकेशनच्या अलॉय नळ्या आणि पाइप. म्हणजे नेमक्या त्याच, ज्यांच्याबद्दल आपण वर बोललो. टी-११, टी-२२, टी-९१.

यात दोन बाजू आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

बॉयलर बनवणाऱ्याची बाजू: ही नळी महाग झाली तर प्लांट महाग, प्लांट महाग तर वीज महाग. ऐन गरजेला माल बाहेरून आणता आला पाहिजे.

नळी बनवणाऱ्याची बाजू: तेल-वायूच्या साध्या पाइपमध्ये संरक्षण आणि सर्वांत अवघड मालात उघडं मैदान, तर अवघड माल बनवायला मिल, भट्ट्या, तपासणी यंत्रं यावर पैसे कोण घालेल? एका बाजूला केंद्र सरकारच २०३१-३२ पर्यंत कोळशाची किमान ८० हजार मेगावॅट नवी क्षमता लागेल असं म्हणतंय. त्यातली बहुतेक युनिट्स सुपरक्रिटिकल किंवा त्यापुढची. तिथे वाफेचं प्रेशर पाण्याच्या क्रिटिकल बिंदूच्या, म्हणजे २२१ बारच्या वर असतं, आणि टी-९१ व त्याहून वरच्या ग्रेडशिवाय काम होत नाही. या मागणीच्या वेळी आपण फक्त गिऱ्हाईक राहायचं का?

माझं मत: सरसकट ड्युटी हे उत्तर नाही. टी-९१ बनवणं म्हणजे फक्त नळी ओढणं नव्हे. स्वच्छ पोलाद, अचूक हीट ट्रीटमेंट आणि दहा-वीस वर्षांचा वापराचा डेटा लागतो. ड्युटीने किंमत बदलते, क्षमता येत नाही. क्षमता येते ती खात्रीच्या ऑर्डरने आणि कडक तपासणीने. हे आपल्याला जमतं याचं उदाहरणही आहे. ७०० अंशांच्या पुढच्या वाफेवर चालणाऱ्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड अल्ट्रा सुपरक्रिटिकल’ तंत्रज्ञानासाठी भेल, एनटीपीसी आणि कल्पक्कमचं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र यांनी एकत्र काम केलं. त्यासाठीच्या खास मिश्रधातूंच्या नळ्या हैदराबादच्या मिधानी आणि न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सच्या मदतीने देशातच तयार झाल्या.

‘बॉयलर फुटला’ असा मेसेज आला तर

२३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला. दहाहून अधिक लोक गेले. पहिल्या तासात सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज होता: बॉयलरचा स्फोट. पुढे समोर आलं की तो रिअ‍ॅक्टरचा होता. ही फक्त शब्दांची चूक नाही. बॉयलर आणि केमिकल रिअ‍ॅक्टर यांचे कायदे वेगळे, तपासणारं खातं वेगळं. चुकीचं नाव पसरलं की प्रश्न चुकीच्या खात्याला विचारले जातात. त्यामुळे असा मेसेज पुढे ढकलण्याआधी थोडं थांबा.

बॉयलरचे खरे अपघातही होतात. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशात उंचाहारच्या प्लांटमध्ये भट्टीत राख साचली, आणि गरम वायू-राखेचा झोत बाहेर येऊन चाळीसहून अधिक जण गेले. त्यात कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने होते. बॉयलरच्या जवळ उभा असतो तो हाच माणूस.

भारतात बॉयलरच्या तपासणीचा कायदा आला तोच १८६३ मध्ये कलकत्त्यात झालेल्या स्फोटानंतर. १९२३ चा कायदा शंभर वर्षं चालला. त्याच्या जागी बॉयलर कायदा २०२५ आला, १ मे २०२५ पासून लागू. यात सात गुन्ह्यांपैकी चार गंभीर गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा कायम आहे, बाकीच्यांना आर्थिक दंड. उद्योगांना सोपं जावं म्हणून हे केलं, असं सरकार म्हणतं. ठीक. पण कागद सोपा झाला तरी नळीची जाडी मोजणारा माणूस भट्टीत शिरलाच पाहिजे. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालयाचं. आपल्या गावच्या पल्प फॅक्टरीपासून जयगडपर्यंत, कायद्याच्या कक्षेतल्या प्रत्येक बॉयलरचं प्रमाणपत्र चालू असणं ही औपचारिकता नाही.

सेन्सर आणि एआय काय करू शकतात?

बरंच. नळी फुटायच्या आधी गळते, आणि गळणारी वाफ आवाज करते. भट्टीच्या भिंतीवर लावलेले अकूस्टिक सेन्सर तो आवाज कानाला कळण्याआधी पकडतात. बॉयलरला वरून किती पाणी घालावं लागतंय हा आकडा वाढला तरी संशय येतो. बंदच्या काळात अल्ट्रासॉनिक यंत्राने भिंतीची जाडी मोजतात, आतला ऑक्साइडचा थरही मोजता येतो.

पण एक सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, मॉडेल शेवटची पायरी आहे. क्रीप हा एक काउंटर आहे: किती तास, किती तापमानाला. तो काउंटर पहिल्या दिवसापासून नीट ठेवला असेल तरच एआय काही सांगेल. कोणती नळी कोणत्या वर्षी बदलली, कोणत्या ग्रेडची बसवली, कोणी वेल्ड केली, हे कुणाच्या तरी वहीत किंवा डोक्यात असेल आणि तो माणूस निवृत्त झाला असेल, तर कितीही महाग डॅशबोर्ड आणा, उपयोग नाही.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

एक, ऑक्टोबर २०२६ ला ड्युटीचं काय होतं आणि वगळलेल्या यादीत एसए-२१३ राहतं का. दोन, ४० टक्के लोडच्या टप्प्यात झिजेची भरपाई कशी ठरते. तीन, बॅटरी किती वेगाने येतात. संध्याकाळचा चढ बॅटरीने उचलला तर नळ्यांवरचा रोजचा मार थेट कमी होतो. बॉयलरच्या नळीची सर्वांत चांगली मैत्रीण कदाचित बॅटरीच ठरेल.

आणि तुमच्यापैकी कुणी आयटीआय किंवा डिप्लोमा करत असेल तर: हाय-प्रेशर वेल्डर, एनडीटी तंत्रज्ञ, बॉयलर ऑपरेशन इंजिनीअर, ही कामं पुढची पंधरा-वीस वर्षं तरी कुठे जात नाहीत. प्लांट म्हातारे होताहेत, नवे येताहेत, आणि टी-९१ ला नीट वेल्ड करणारा हात सहज मिळत नाही. नोकरीसाठी सगळेच पुण्याला आयटीत जातात. मीही गेलो. पण संध्याकाळी सातला फोन चार्जिंगला लावता तेव्हा तो ज्यांच्यामुळे चार्ज होतो, त्यांच्यातला एक जण भट्टीत टॉर्च घेऊन नळी तपासत असतो. ते कामही शिकण्यासारखं आहे.